पापणीचे पैसे कोण देणार

डॉक्टर किंमत सांगत नाहीत. आमच्या धंद्यातला हा पहिला नियम. डॉक्टर पेशंटच्या पापणीची कातडी चिमटीत धरतात, हातात आरसा देतात, इथून एवढी काढू, टाके या वळीत लपतील असं समजावतात, आणि पेशंटने "साधारण खर्च" एवढं म्हणायला तोंड उघडलं की हात धुवायला वळतात. "ते बाहेर मॅडम सांगतील."

त्या मॅडम म्हणजे मी. गंगापूर रोडवरच्या एका क्लिनिकमध्ये मी काही वर्षं हे काम केलं. केबिनच्या दारावर 'पेशंट काउन्सेलर' अशी पाटी होती. आत मी किंमत सांगायचे आणि ती कशी भरता येईल ते सांगायचे. कुणाला धीर द्यायचं काम माझ्याकडे नव्हतं, पण आकडा ऐकल्यावर तो बरेचदा द्यावा लागायचा.

माझे वडील सातपूरच्या एका कारखान्यात होते आणि युनियनची पत्रकं आमच्या घरी लिहिली जायची. अक्षरओळख मला 'कामगार बंधूंनो आणि भगिनींनो' यावरून झाली. अशा घरातली मुलगी पापण्यांच्या सौंदर्यावर पोट भरणार हे वडिलांना आवडलं नसतं, म्हणून मी त्यांना फक्त 'डोळ्यांचा दवाखाना' एवढंच सांगितलं. त्यांनी विचारलं, "युनियन आहे का?" नव्हती. मग पुढचं काही त्यांनी विचारलं नाही.

आता बाहेरच्यांसाठी थोडं धंद्याचं. वय झालं की वरच्या पापणीची कातडी सैल होते आणि पडद्यासारखी खाली येते. खालच्या पापणीखाली चरबीच्या पिशव्या धरतात. दोन्ही गोष्टी कापून, शिवून नीट करता येतात. वरच्या दोन पापण्यांचे आमच्याकडे पन्नास हजारांच्या आसपास व्हायचे. खालच्यांचे जास्त, कारण तिथे काम नाजूक. चारही केल्या तर लाखाच्या वर. पुण्यात याहून महाग, मुंबईत त्याहून, आणि हे पेशंट आधीच फोन करून विचारून आलेला असतो. या आकड्यात डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटरचं भाडं आणि जागेपुरती भूल येते. रक्ताच्या तपासण्या, औषधं, काळा चष्मा, आणि पेशंट घाबरून पूर्ण झोपवा म्हणाला तर त्या भुलीचे डॉक्टर, हे येत नाही. म्हणून कुठेही गेलात तर 'किती?' हा प्रश्न नंतर विचारा. आधी विचारा, 'यात काय नाही?' हा सल्ला मी केबिनमध्ये बसूनही द्यायचे. त्याबद्दल मला वरून समजही मिळाली.

पैसे भरायच्या पद्धतीही माणसागणिक वेगळ्या. नामपूरहून एक कांद्याचे व्यापारी आले होते. बायकोच्या डोळ्यांखालच्या पिशव्या काढायच्या होत्या. खुर्चीत बसायच्या आधी त्यांनी विचारलं, "मॅडम, भाव कितला शे?"

मी सांगितला.

"हाई एका डोळानं का दोन्हींनं?"

"दोन्हींचं."

"मंग एकच करा ना. दुसरा पुढला हंगामले देखू."

बायको शांतपणे म्हणाली, "यास्ले सोडा मॅडम. पैसा मन्हाजोडे शेत." तिने खरोखरच पर्समधून पैसे काढले, पावती मागून घेतली आणि नवऱ्याला बाहेर बसवलं. जाताना व्यापाऱ्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. बाजारात मोठा माल हातचा गेल्यावर करतात तशी.

गंगापूर रोडवरच्याच एका सोसायटीतल्या बायकांची भिशी होती. दर महिन्याला ज्या बाईचा नंबर लागेल ती येऊन वरच्या पापण्या करून जायची. व्याज नाही, कागद नाही, हमीदार म्हणून अख्खी सोसायटी. मला आजही वाटतं, पापणीचे पैसे भरायचा यापेक्षा चांगला मार्ग निघालेला नाही. अडचण एकच झाली. काही महिन्यांनी त्यातल्या एक बाई आल्या आणि डॉक्टरांच्या ऐवजी मलाच म्हणाल्या, "माझे जरा वेगळे करा हो. लिफ्टमध्ये सगळ्या सारख्याच दिसायला लागल्यात. माझ्या नातवाने परवा पाटीलबाईंना आजी म्हणून हाक मारली."

ज्यांच्याकडे भिशी नाही त्यांच्यासाठी हप्ते. बिनव्याजी हप्ते, असं आमच्या रिसेप्शनवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं. बिनव्याजी हे काय असतं ते सांगते. फायनान्स कंपनी पेशंटकडून व्याज घेत नाही, ती दवाखान्याला रक्कम थोडी कापून देते. दवाखाना काही धर्मादाय नाही, तो ती कापलेली रक्कम आधीच किमतीत घालतो. शिवाय फाइल उघडायचे वेगळे पैसे असतात. म्हणजे व्याज असतंच, त्याचं फक्त नाव बदललेलं असतं. जो माणूस एकरकमी देणार असेल आणि 'मग मला कमी करा' म्हणेल, त्याला कमी होतं. जो म्हणत नाही त्याला होत नाही. टाके आठवड्यात निघतात, हप्ते तसे निघत नाहीत. प्रत्येक हप्त्याच्या केसमागे मला थोडे पैसे सुटायचे. ही व्यवस्था ज्याने कुणी बसवली असेल त्याला माणसाच्या स्वभावाची जाण होती, एवढंच म्हणते.

उरला मेडिक्लेम. मेडिक्लेम सौंदर्याचे पैसे देत नाही. पण पापणी इतकी खाली आली असेल की नजर अडते, तर ते सौंदर्य राहत नाही, आजार होतो, आणि मग देतो. एकच पापणी, एकच कात्री, एकच डॉक्टर. फरक एवढाच की पापणी बाहुलीवर किती उतरलीय. हे ठरवायला दोन गोष्टी लागतात. एक, समोरून काढलेला फोटो. दोन, फील्डची तपासणी. यात पेशंट एका मोठ्या पांढऱ्या भांड्यात तोंड घालून बसतो, मधल्या ठिपक्यावर नजर ठेवतो, आणि आजूबाजूला बारीक दिवा चमकला की हातातलं बटण दाबतो. वरच्या बाजूचे दिवे दिसले नाहीत तर पापणी आड येतेय हे सिद्ध होतं.

निवृत्ती बोडके याच वाटेने आले.

ते एका वाइनरीत कामाला होते. नाव सांगत नाही, गंगापूर धरणाच्या बाजूला एकापेक्षा जास्त आहेत. आधी ते तिथल्याच द्राक्षमळ्यात छाटणी करायचे. बोलणं मोकळं आणि आवाज खणखणीत म्हणून एका साहेबांनी त्यांना पाहुण्यांना वाइनरी दाखवायच्या कामावर घेतलं. पिंपं दाखवायची, मग टेस्टिंगच्या हॉलमध्ये टेबलामागे उभं राहून ग्लासात थोडी थोडी ओतायची आणि कुठल्या वाइनला कसला वास येतो ते सांगायचं. पगार मळ्यापेक्षा बरा, वर पाहुण्यांची बक्षिसी. पण बोडके काका पैशाचं फारसं बोलले नाहीत. म्हणाले, "ताई, तिथं उभं राहिलं का माणूस माणसासारखा दिसतो. टाय लावत्यात मला."

त्यांनी आयुष्यात दारूचा थेंब घेतला नव्हता. वडील दारूत गेलेले. "मी वास सांगतो, चव नाय सांगत," ते म्हणाले. "पेरू, मिरी, ओली माती. लोकं मान डोलावत्यात."

आणि याच माणसाच्या पापण्या अशा खाली आल्या होत्या की ते कायम प्यालेले दिसायचे.

पाहुण्यांनी इंटरनेटवर लिहायला सुरुवात केली. जागा सुंदर, वाइन छान, गाइड नशेत. कुणीतरी लिहिलं, गाइड स्वतःच इतका खूश होता की आम्हीपण दोन बाटल्या जास्त घेतल्या. ही तक्रार होती की शिफारस हे मॅनेजरलाही ठरवता आलं नाही. पण वरून विचारणा झाली आणि मॅनेजरने बोडके काकांना गोडाउनमध्ये बाटल्यांना लेबलं लावायला पाठवलं. तोंडावर सांगितलं की द्राक्षं तोडायचा हंगाम सुरू झाला की गर्दी येईल, तोवर डोळ्यांचं काही करा, नाहीतर हॉलवर नवा माणूस उभा करावा लागेल.

हे सगळं मला त्यांच्या बायकोने, मंगलबाईंनी सांगितलं. काका मधेमधे दुरुस्त्या करत होते.

"मी स्वतः तोंडाचा वास घेते रोज," मंगलबाई म्हणाल्या. "लग्नापासून घेते. काही सापडलं नाय अजून."

"मग घेती कशाला?"

"सवय हाय."

मी विचारलं, "काका, तुम्हाला नक्की काय हवंय? तरुण दिसायचंय, की..."

"मला हॉलमध्ये परत उभं राहायचंय," ते म्हणाले. "बस. बाकी मी हाय तसा बरा हाय."

कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम होता. मला आनंद झाला. ही केस सरळ होती. काकांची पापणी माझ्यासारख्या अडाणी माणसालाही दिसत होती. डॉक्टरांनी शनिवारच्या गर्दीत त्यांना पाहिलं, फोटो आणि फील्ड लिहून दिलं. मी कागद विमा कंपनीकडे पाठवले.

नामंजूर. सौंदर्योपचार, देय नाही.

मी फाइल उघडून फोटो पाहिला. फोटोत बोडके काका भुवया पार केसांपर्यंत चढवून, डोळे टक्क उघडे ठेवून हसत होते. हॉलवर त्यांना तसंच शिकवलं होतं, पाहुणा समोर आला की भुवया वर, चेहरा हसरा. फोटो काढणारी आमची मुलगीही 'स्माइल' म्हणाली असणार, ती सगळ्यांनाच म्हणायची. फील्डचा कागद पाहिला. जवळपास सगळे दिवे दिसलेले. वरचे, खालचे, कडेचे.

मी मशीनवाल्या महेशला विचारलं, "तू पेशंटला काय सांगतोस?"

"तेच नेहमीचं. नीट लक्ष द्या, जेवढे दिवे दिसतील तेवढे पकडा."

महेशची चूक नव्हती. त्याच्याकडे दिवसभर काचबिंदूचे पेशंट यायचे, त्यांना तेच सांगायचं असतं. आणि बोडके काकांचीही चूक म्हणवत नाही. आमच्याकडच्या माणसाला लहानपणापासून एकच शिकवलेलं असतं, परीक्षा आली की जीव तोडून पास व्हायचं. शाळेत, भरतीत, कारखान्याच्या गेटवरच्या मेडिकलमध्ये, सगळीकडे. नापास झालास की घरी जा. मग भांड्यात तोंड घातल्यावर त्यांनी हनुवटी टेकवली, कपाळाला आठ्या घातल्या, भुवया ताणून पापण्या वर उचलल्या आणि एकेक दिवा टिपला.

मी दोघांना बोलावून घेतलं.

"काका, तपासणीत तुम्हाला सगळे दिवे दिसले."

"एकबी नाय सोडला," ते अभिमानाने म्हणाले.

"म्हणून पैसे नामंजूर झाले."

त्यांनी मंगलबाईंकडे पाहिलं. मग त्यांनी सावकाश विचारलं, "म्हंजे पास झालो म्हणून पैसे नाय?"

"हो."

"आन नापास झालो असतो तर?"

"मिळाले असते."

मंगलबाई पदराने तोंड पुसत म्हणाल्या, "जन्मात एकदा पास झाले, ते बी नको तिथं."

मी डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, "हप्त्यावर टाका ना. त्यात काय एवढं." यात त्यांचा काही दुष्टपणा नव्हता. विमा कंपनीचा दर आमच्या दरापेक्षा कमी असतो आणि पैसे उशिरा येतात. हप्त्याचे दुसऱ्या दिवशी येतात. डॉक्टर उत्तम सर्जन होते, त्यांचे टाके शोधून सापडायचे नाहीत. हिशेब मात्र ते शिकलेले नव्हते, तो दवाखान्याने त्यांना शिकवला होता.

केबिनमध्ये परत आले तर बोडके काका हप्त्याचा कागद हातात धरून बसले होते. रिसेप्शनवरून कुणीतरी तत्परतेने आणून दिला होता.

मी म्हटलं, "सही करू नका. तपासणी पुन्हा करून घेऊ. या वेळी कपाळ सैल सोडायचं, भुवया उचलायच्या नाहीत."

त्यांनी मान हलवली. "म्हंजे दिसत असून दिसत नाय म्हणायचं?"

"तसं नाही."

"तसंच हाय ताई. मी मुद्दाम नापास होणार नाय. आजवर दारुडा म्हणाले, खोटं होतं म्हणून ऐकून घेतलं. आता लबाड म्हणले तर ते खरं असंल."

आमच्या घरच्या पत्रकांमध्ये मालक खोटं बोलायचे आणि कामगार खरं, त्यामुळे सगळं सोपं असायचं. इथे समोरचा कामगार खरं बोलत होता आणि त्यातच स्वतःचं नुकसान करून घेत होता. पटवून सांगायचं तर मी डॉक्टर नाही. पण डॉक्टरांना मी एक गोष्ट करताना पाहिलं होतं. पापणी तपासताना ते अंगठ्याने पेशंटची भुवई दाबून धरायचे. काकांच्या वेळी शनिवारच्या घाईत ते राहून गेलं असावं.

मी मंगलबाईंना म्हटलं, "ताप बघतो तसा यांच्या कपाळावर हात ठेवा. आणि जरा दाबून धरा. काका, तुम्ही समोर माझ्याकडे बघा. मान वर करायची नाही."

मंगलबाईंनी हात ठेवला. दोन्ही पापण्या दुकानाच्या शटरसारख्या खाली आल्या.

काकांनी टेबलाची कड धरली. मग म्हणाले, "ताई, तुम्ही उठून गेल्या का?"

मी त्यांच्या समोरच होते. टेबलाच्या पलीकडे.

"काय दिसतंय?"

"टेबल दिसतंय. तुमचे हात दिसत्यात."

"वर?"

"वर काय नाय."

मंगलबाईंनी हात काढला. काकांच्या कपाळावर चार आठ्या पुन्हा उमटल्या आणि पापण्या वर आल्या. त्यांनी माझ्या तोंडाकडे असं पाहिलं जसं मी आत्ताच आले होते.

"रोज संध्याकाळी हितं दुखतं," मंगलबाई त्यांच्या कपाळाकडे बोट दाखवत म्हणाल्या. "मी म्हणायची, चिंता करत्यात."

मी सांगितलं, तुमचे डोळे खोटं बोलत नाहीत काका, तुमचं कपाळ बोलतंय. पापणीचं काम कपाळ करतंय, सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत, विनावेतन. तुम्ही ते इतकी वर्षं करताय की तुम्हाला ते काम वाटतच नाही. तपासणीत कपाळाला सुट्टी द्यायची, एवढंच. ही लबाडी नाही. उलट आधीची तपासणी खोटी होती.

काका म्हणाले, "वापस हात ठेव गं."

मंगलबाईंनी पुन्हा ठेवला. या वेळी काकांनी स्वतःहून केबिनभर मान फिरवून पाहिलं. दार, खिडकी, माझी खुर्ची. हात काढल्यावर म्हणाले, "चला. कुठंय ते मशीन?"

मशीनच्या आधी डॉक्टर होते. त्यांच्या चिठ्ठीशिवाय दुसरी तपासणी होत नाही. मी दोन पेशंटच्या मधे आत शिरले आणि म्हटलं, "सर, बोडकेंना भुवई धरून एकदा बघा आणि जे दिसेल ते लिहून द्या."

"तुला सांगितलं ना, हप्त्यावर..."

"सर, सौंदर्याचं वाटलं तर तसं लिहा, मी त्यांची हप्त्याची फाइल आत्ता करते. फक्त भुवई धरून बघा आणि मग लिहा."

"तुझा पगार कोण देतं गं?"

"तुम्ही देता सर. म्हणून तर तुम्हालाच सांगतेय, बोडकेंना नाही."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग उठले, बाहेर आले, बाकावर बसलेल्या बोडके काकांच्या भुवया दोन अंगठ्यांनी धरल्या. बघायला त्यांना फार वेळ लागला नाही. आत जाऊन त्यांनी चिठ्ठी लिहिली आणि माझ्याकडे न बघता टेबलावर सरकवली. त्यात नजर अडते असं स्वच्छ लिहिलं होतं. डॉक्टर माणूस हाताने जे पाहतो त्याविरुद्ध सहसा लिहीत नाही. त्याला हात लावायला वेळ मिळाला पाहिजे.

दुसऱ्या वेळी महेशने काकांना सांगितलं, कपाळ सैल सोडा, दिसेल तेवढंच दाबा, नाही दिसलं तर नाही. एकदा पापण्या तशाच लोंबत्या ठेवून आणि एकदा चिकटपट्टीने वर उचलून. लोंबत्या पापण्यांच्या कागदावर वरचा अर्धा भाग काळा आला. काकांनी तो बराच वेळ हातात धरला. "एवढं जात होतं माझं?" ते म्हणाले. "आन मी पाहुण्यांना डोंगर दाखवत होतो. उजवीकडं बघा, सुंदर डोंगर."

फोटोही पुन्हा काढला. 'स्माइल' म्हणायचं नाही, असं मी त्या मुलीला बजावलं. मंजुरी आली.

त्यानंतर मशीनशेजारी आणि फोटोच्या भिंतीवर मी एक कागद चिकटवला. 'कपाळ सैल सोडा. ही परीक्षा नाही.' माझ्या आयुष्यातलं हे सर्वांत लहान पत्रक, आणि काम झालेलं बहुधा एकमेव. त्याआधी किती जण भुवया ताणून पास झाले आणि हप्त्यावर गेले, ते मला माहीत नाही.

एक गोष्ट राहिली. विम्याचा दर आणि आमचा दर यातला फरक पेशंटकडून 'साहित्याचा खर्च' म्हणून वेगळ्या पावतीवर घ्यायची आमच्याकडे पद्धत होती. बोडके काकांची ती पावती माझ्याकडे बनवायला आली. मी बनवली नाही. विमा कंपनीशी दर ठरवलाय तो तुम्ही, पेशंटने नाही, एवढंच मी वर लिहून पाठवलं. कुणी भांडलं नाही. पुढच्या महिन्यापासून मला केबिनमधून उठवून फोनवर अपॉइंटमेंट घ्यायला बसवलं आणि हप्त्याच्या केसेस दुसऱ्या मुलीकडे गेल्या. तिथून बाहेर पडायला मला फार दिवस लागले नाहीत. पण ते नंतरचं.

ऑपरेशन चांगलं झालं. अडचण पुढे आली, आणि ती काकांना आधी जितक्या जोरात सांगायला हवी होती तितक्या जोरात कुणी सांगितली नव्हती. पापणीच्या ऑपरेशननंतर डोळे सुजतात, भोवती जांभळं होतं. काका डाव्या-उजव्या दोन्ही डोळ्यांवर मार खाल्ल्यासारखे दिसत होते. आजवर गावातले थोडे लोक ते पितात असं म्हणायचे. त्या आठवड्यात गावाची खात्री पटली. पिऊन कुणाशी तरी मारामारी केली असं ठरलं, फक्त कुणाशी यावर एकमत नव्हतं.

"लोकं मला इचारत्यात, तू मारलं का," मंगलबाईंनी फोनवर सांगितलं.

"तुम्ही काय म्हणता?"

"नाय म्हणत नाय."

नेमकी त्याच दिवसांत वाइनरीत द्राक्षतोड सुरू झाली. गाड्या यायला लागल्या. मॅनेजरने निरोप पाठवला, या आठवड्यात येऊन दाखवा, नाहीतर मी नवा मुलगा घेतोय, इंग्रजीही बोलतो. काका घाईने निघाले होते. मी फोनवर त्यांना थांबवलं. असे डोळे घेऊन गेलात तर हॉलच काय, गोडाउनही जाईल. पण न जावं तर त्यांच्या जागी नवा मुलगा. शेवटी मी डॉक्टरांकडून वाइनरीच्या नावाने एक पत्र मागितलं, डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली आहे, सूज उतरायला इतका वेळ लागतो. मला वाटलं नाही म्हणतील. त्यांनी सही केली आणि खाली स्वतःचा मोबाइल नंबरही लिहिला. मॅनेजरने खरोखर फोन केला. डॉक्टर त्याच्याशी किमतीचं एक अक्षरही न बोलता दहा मिनिटं पापणीवर बोलले. मॅनेजरने मुदत वाढवली. कंटाळून वाढवली असावी.

सूज उतरल्यावर काका गेले. मॅनेजरने त्यांना ऑफिसात उजेडाखाली उभं केलं, स्वतःचा चष्मा काढून जवळून पाहिलं आणि म्हणाला, "शनिवारची पहिली बॅच घ्या. मी मागे उभा राहतो."

त्या शनिवारी मी फोनजवळच होते, कारण आता माझं कामच फोनचं होतं. अपॉइंटमेंटच्या लाइनवर संध्याकाळी काकांचा आवाज आला.

"झालं का काका?"

"झालं. दोन बॅच झाल्या. मॅनेजर पयलीलाच निघून गेला, म्हणला, मला काम हाय."

"मग आता आनंद?"

"एक तक्रार आली," ते म्हणाले.

"काय?"

"एका बाईनं तिथल्या तिथं मोबाइलवर लिहिलं. हॉलवरच्या पोरानं वाचून दाखवलं मला. गाइड फार कडक हाय, सारखा आमच्या ग्लासाकडं बघतो, संकोचल्यासारखं होतं." मग त्यांनी विचारलं, "ताई, ह्याला मेडिक्लेम हाय का?"

"नाही काका. हे सौंदर्यात येतं."

पलीकडे ते हसले. मागे भांड्यांचा, खुर्च्या सरकवल्याचा आवाज येत होता. कुणीतरी हाक मारली, "बोडके काका, सहाची बॅच उभी आहे."

"येतो ताई," ते म्हणाले, "टाय नीट करायचा हाय," आणि फोन ठेवला.